टर्बो बसायच्या आधीच धुऊन निघालेल्या इंजिनाबद्दल तक्रार

कोल्हापूर
दिनांक: 9 ऑक्टोबर 2025

प्रति,
व्यवस्थापक,
वर्कशॉप व ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय: नव्याने बांधलेल्या बलेनो इंजिनाचं टर्बो व ट्युनिंगपूर्वी झालेलं नुकसान, दुरुस्ती व भरपाईची मागणी

महोदय,

माझ्या वडिलांनी 2003 साली घेतलेली मारुती बलेनो मी यंदा मे महिन्यात आपल्या स्वाधीन केली. 1590 सीसीचं जी16बी इंजिन. बावीस वर्षांत एकदाही हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलेलं नव्हतं. काम दोन टप्प्यांत ठरलं होतं. आधी इंजिन टर्बोचा (इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब झेलेल असं बांधायचं, ते रन-इन करायचं, म्हणजे सुरुवातीचे काही किलोमीटर जपून चालवून रुळवायचं, आणि मग टर्बो, इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) व नवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) बसवून डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) ट्युनिंग करायचं. पहिल्या टप्प्याचे 2,86,000 रुपये मी पूर्ण भरले. दुसऱ्या टप्प्याचे 1,20,000 रुपये आगाऊ दिले. दुसरा टप्पा कधी आलाच नाही, कारण पहिल्या टप्प्यातलं इंजिन 940 किलोमीटरमध्ये संपलं.

2 ऑगस्टला गाडी ताब्यात देताना आपल्या सल्लागारांनी मला व्हॉट्सॲपवर लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं देतो: "बिनधास्त चालवा. 2500च्या वर नेऊ नका. 1000 किमी करून आणा, मग टर्बो चढवू." 2500 म्हणजे आरपीएम, इंजिनाचे मिनिटाला फेरे. माझ्या हातात पडलेली सूचना एवढीच. गाडीत त्या दिवशी नेमकं काय बसवलेलं आहे, मूळचं काय ठेवलंय आणि काय बदललंय, याचा कागद मी मागितला होता. "फायनल बिलासोबत देऊ" असं उत्तर मिळालं.

त्या दिवशी पुण्याहून कोल्हापूरला येताना खंबाटकी घाटातच पिकअप जड वाटला. कमी कॉम्प्रेशनचे (सिलिंडरातली हवा कमी दाबणारे) फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन घातलेत, टर्बो येईपर्यंत ताकद थोडी कमी लागणार, हे मला माहीत होतं. फोर्ज्ड पिस्टनला बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) जास्त फट ठेवावी लागते, म्हणून इंजिन थंड असताना टकटक येईल, हेही आपण सांगितलं होतं आणि ते खरं होतं. त्यामुळे मी आवाजाकडे लक्ष दिलं नाही. पण सायलेन्सरचं तोंड दोन दिवसांत काळंकुट्ट झालं. पूर्वी 13 देणारी गाडी लिटरला साडेसात किलोमीटरवर आली. सकाळी गाडी सुरू केली की अंगणभर कच्च्या पेट्रोलचा वास.

आणि डिपस्टिकवर ऑइल वाढू लागलं. 210 किलोमीटर झाले तेव्हा मी डिपस्टिकचा फोटो आपल्याला पाठवला. पातळी वरच्या खुणेच्या अर्धा बोट वर होती, आणि ऑइल बोटावर घेतलं तर पाण्यासारखं ओघळत होतं. उत्तर आलं, "नवीन इंजिनात असं होतं, काळजी नको." महोदय, कुठल्याही इंजिनात ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं तर त्यात पाणी तरी उतरतंय किंवा पेट्रोल तरी. त्या एका फोटोवर आपण "गाडी बंद करा" असं लिहिलं असतं, तर इंजिन वाचण्याची शक्यता होती. सगळ्यात जास्त राग मला त्या उत्तराचा आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी निळा धूर मारू लागली. पुण्यापर्यंत न्यायची हिंमत झाली नाही, म्हणून उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे टो करून नेली. त्यांनी ऑइल काढून हुंगलं आणि म्हणाले, "सर, ह्यात ऑइल कमी आणि पेट्रोलच जास्त हाय." कॉम्प्रेशन मोजलं तर चार सिलिंडरमध्ये 118, 92, 85 आणि 115 पीएसआय. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर चारही आकडे 140च्या वर गेले. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक होते, दाब पिस्टनभोवतीच्या रिंगांतून निसटत होता. हेड उघडल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या बोअरमध्ये होनिंगच्या (भिंत मुद्दाम बारीक खरखरीत घासण्याच्या) आडव्या-तिरक्या रेघा जवळजवळ पुसलेल्या आणि त्यांच्या जागी उभे ओरखडे दिसले. कनेक्टिंग रॉडच्या दोन बेअरिंगवर वरचा थर झिजून तांबं दिसायला लागलं होतं.

कारण त्याच दिवशी सापडलं. आपण टर्बोसाठीचे मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या) आधीच बसवून ठेवले होते, आणि ईसीयू मात्र कंपनीचाच होता. मिस्त्रींनी एका इंजेक्टर टेस्टिंगवाल्याकडून ते मोजून घेतले. मूळच्यापेक्षा साधारण दीडपट पेट्रोल सोडतात. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ईसीयू ठरवतो. तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल, हे त्याच्यात कारखान्यातूनच लिहिलेलं असतं. त्याला न सांगता इंजेक्टर बदलला, की तो प्रत्येक फेऱ्याला जास्त पेट्रोल ओततो. इंजिन गरम असताना ऑक्सिजन सेन्सर बघून तो थोडी दुरुस्ती करतो, पण त्या दुरुस्तीला मर्यादा आहे. आणि थंड इंजिनावर किंवा पूर्ण ॲक्सिलरेटरवर तर तो सेन्सरचं ऐकतच नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. रिंगा कोरड्या घासल्या जातात, बेअरिंगना पातळ ऑइल मिळतं. माझ्या गाडीत हेच घडलं.

कमी कॉम्प्रेशनचं इंजिन टर्बोशिवाय चालवण्यात काहीच चूक नाही, हे मी मुद्दाम लिहितो. जुने इंजेक्टर, जुना ईसीयू, जुने प्लग तसेच ठेवले असते तर इंजिनात जाणारी हवा जवळपास पूर्वीइतकीच होती, आणि त्या हवेला किती पेट्रोल लागतं हे ईसीयूला ठाऊक होतं. माझे जुने चार इंजेक्टर आपल्याच शेल्फवर पडून होते. ते परत घालायला तासाभराचं काम होतं.

दुसरी चूक 2500 आरपीएमच्या सूचनेची. नव्या रिंगा बोअरमध्ये बसतात त्या ज्वलनाच्या दाबाने. तो दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो, आणि होनिंगची टोकं झिजून दोघांचं जमतं. हे बहुतांश सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्येच होतं. त्यासाठी इंजिन गरम झाल्यावर मध्यम ते चांगला लोड द्यावा लागतो, मग ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी उतरू द्यावी लागते, आणि पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं. मी आपल्या शब्दावर विसंबून 940 किलोमीटर गाडी गोंजारत चालवली. आता आपले सल्लागार फोनवर म्हणतात, "तुम्ही रेटली असणार." 2500च्या वर न्यायचं नाही म्हणून मी कराडच्या पुढे ट्रकच्या मागे राहिलोय. हा आरोप मला मान्य नाही.

वाइडबँड गेजबद्दलही बोलायला हवं. पेट्रोलच्या किती पट हवा जळतेय, हे ते दाखवतं. पहिल्या टप्प्याच्या बिलात त्याचे 19,500 रुपये लावलेले आहेत. गेज मात्र बसवलेलं नाही, "टर्बोसोबत बसवू" म्हणून. ते डॅशबोर्डवर असतं तर पहिल्याच दिवशी 14.7 च्या जागी 10-11 चा आकडा मला दिसला असता आणि मी गाडी तिथेच उभी केली असती. ट्युनिंग व्हायच्या आधीच त्याची खरी गरज होती.

इंजिनातल्या अशा बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होऊ शकतं, आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. याबद्दल आपण अवाक्षर काढलं नाही. पण ती चौकशी करणं माझंही काम होतं, म्हणून त्याचा दोष मी आपल्यावर टाकत नाही.

आता नुकसान किती ते सांगतो. बोअर 75 वरून 75.5 मिलिमीटरला आधीच नेलेला आहे. ओरखडे काढायला तो आणखी पुढच्या साइजला नेला, तर आपणच विकलेले चारही फोर्ज्ड पिस्टन भंगारात जातात. म्हणून मिस्त्रींनी स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) घालून पुन्हा 75.5 ला होन करायचा पर्याय दिला आहे. स्लीव्ह, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि मजुरी मिळून 58,000 रुपयांचं लेखी एस्टिमेट जोडलं आहे. हा खर्च आपण करावा, आणि काम कोल्हापुरात, माझ्या डोळ्यांसमोर व्हावं. गाडी पुन्हा पुण्याला पाठवायला माझं मन तयार नाही. वाइडबँडचे 19,500 आणि दुसऱ्या टप्प्याचे 1,20,000 रुपये मला परत हवेत. टर्बोचं काम मी आता आपल्याकडे करून घेणार नाही.

पैशांइतकीच आणखी एक मागणी आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये माझ्या गाडीशेजारी आणखी दोन गाड्या याच टप्प्यावर उभ्या होत्या, एक होंडा सिटी आणि एक जिप्सी. त्यांच्या मालकांना आजच फोन करून इंजेक्टर कोणते बसवलेत ते सांगा आणि डिपस्टिक बघायला सांगा. यापुढे अर्धवट टप्प्यावर गाडी देताना काय बसवलंय, काय मूळचं आहे, रन-इन कसं करायचं आणि कोणती खूण दिसली की इंजिन बंद करायचं, हे छापील कागदावर द्या.

वडील आता गाडी चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी "बलेनो आली का?" असं विचारतात. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा या कायद्यात आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, चारही इंजेक्टर आणि काढलेल्या ऑइलचा एक सीलबंद डबा उद्यमनगरात जपून ठेवला आहे. आपल्या इंजिनिअरला पाहायचं असेल तर रविवार सोडून कधीही पाठवा, फक्त आदल्या दिवशी कळवा. तोवर ब्लॉकला कुणी हात लावणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्ड व बिलाच्या प्रती, व्हॉट्सॲप संभाषण, डिपस्टिक व बोअरचे फोटो, कॉम्प्रेशन आणि इंजेक्टर चाचणीचे आकडे, दुरुस्तीचं एस्टिमेट.