चालू कारखाना पाहून आलो

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू चेक देशातल्या प्रागचा किल्ला, तिथला जुना पूल यांचं विचारत होतास आणि मी कंपनीचंच सांगत सुटलो. त्यात रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून म्हटलं, निवांत बसून लिहावं. किल्ला छान आहे, पूलही छान आहे. त्यांचे फोटो लेकीनं तुझ्या सूनबाईच्या मोबाइलवर पाठवलेत, ते बघ. मला जे सांगायचंय त्याचा फोटो नाही, कारण तिथे फोटो काढू देत नाहीत.

प्रागपासून पन्नासेक किलोमीटरवर म्लादा बोलेस्लाव नावाचं गाव आहे. २००१ साली आपल्या शेंद्र्याला आलेल्या स्कोडाचं ते माहेर. कंपनीचं तिथे म्युझियम आहे, आणि आधी नाव नोंदवून, तिकीट काढून बाहेरच्या माणसाला चालू कारखान्यात नेतात. लेकीनं आमच्या दोघांचं नाव घातलं तेव्हा मी तिला म्हणालो, अगं, मी रिटायर झालेला, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपचा माणूस, मला कोण आत घेणार? ती म्हणाली, बाबा, तिकीट काढलंय, आता कोण विचारतंय. आणि खरंच कुणी विचारलं नाही. कॉलेजचं पत्र नाही, साहेबाची ओळख नाही, गेटवर ताटकळणं नाही. आमच्या गटात एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. पोरगं तुझ्या सहावी-सातवीच्या वर्गात शोभेल एवढं.

म्युझियम कंपनीच्या जुन्या इमारतीतच आहे. तिथली एक गोष्ट तुला मुद्दाम सांगतो, कारण तू मराठी शाळेचा मुख्याध्यापक. व्हात्सलाव क्लेमेंट नावाचा एक पुस्तकविक्या होता. त्याची सायकल बिघडली, म्हणून त्यानं ती बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या शाखेला आपल्या चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आलं, की आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य, आणि वजन जर्मनला. या गड्यानं व्हात्सलाव लाउरिन नावाच्या कारागिराला सोबत घेतलं आणि १८९५ साली सायकलींचा स्वतःचाच कारखाना काढला. १८९९ ला मोटारसायकल, १९०५ ला मोटार. पुढे १९२५ ला तो कारखाना पिल्झेनच्या स्कोडात मिळाला आणि १९९१ ला फोक्सवॅगनकडे गेला. हे ऐकताना मला आपल्या वडलांची आठवण आली. निजामाच्या राज्यात त्यांनी शाळा उर्दूत केली, घरात मराठी आणि कचेरीत उर्दू. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की माझे वडील हटकून त्या दिवसांचं बोलायचे. क्लेमेंटची गोष्ट त्यांना लगेच उमगली असती.

आता कारखाना. बसमधून आत नेलं, प्रत्येकाच्या कानाला ऐकायचं यंत्र दिलं आणि पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायला सांगितलं. पहिल्यांदा प्रेस शॉप दाखवलं आणि माझे पाय तिथेच थबकले. पत्र्याच्या कॉइलमधून कापलेला सपाट तुकडा, म्हणजे ब्लँक, एका बाजूनं आत जातो. ड्रॉ म्हणजे दाबून आकार देणं, ट्रिम म्हणजे कडा कापणं, पिअर्सिंग म्हणजे भोकं पाडणं, फ्लँज म्हणजे कड वाकवणं, असा एका प्रेसमधून दुसऱ्यात सरकत जातो, आणि दुसऱ्या टोकाला गाडीचं दार बाहेर येतं. माणूस मधे कुठेही हात घालत नाही. आमच्याकडे मी दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायचो, जॉब काढायचो, पुढचा ठेवायचो. पण गंमत कळली ती लाइनच्या शेवटी. एवढी यंत्रं करूनही तिथे माणसं उभी आहेत. पांढरे सुती हातमोजे घातलेली. पत्रा लख्ख उजेडाखाली येतो, एक बाई तो नजरेनं तिरका बघते, मग बोटं सरळ ठेवून तळवा एका दमात वरपासून खालपर्यंत फिरवते, मधे उचलत नाही. डोळ्याला न दिसणारी लाट तळव्याला लागते. रंग चढला, की तीच लाट उन्हात सगळ्या जगाला दिसते, म्हणून ती इथेच धरायची. दत्ता, हे मला माझ्या उस्तादानं वाळूजला शिकवलं होतं. तेव्हा वाटायचं, ही आपल्या शेडमधली जुनी पद्धत असेल. जगातली एवढी मोठी कंपनी शेवटी त्याच तळव्यावर विसंबते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुझ्या वहिनीचं तर वेगळंच. एवढ्या वर्षांत तिनं माझं मशीन पाहिलं ते फक्त खंडेनवमीला. पुसूनपुसून लख्ख केलेलं, हळदीकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं आणि बंद. पूजा झाली, पेढे वाटले, की बायका-पोरं घरी. चालता प्रेस तिनं पहिल्यांदा पाहिला तो साता समुद्रापार. तिथले प्रेस बंद पेटीत असतात, आवाज पुष्कळ कोंडलेला, तरी ठोका पडला की जमीन पायाला सांगते. ती थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमचा प्रेस तर उघडाच होता ना? तुम्ही घरात एवढ्या मोठ्यानं का बोलता ते आज कळलं." संसाराला आमच्या इतकी वर्षं झाली आणि मी दिवसभर काय करतो हे तिला डबा भरून देण्यापलीकडे कुणी दाखवलंच नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मग बॉडी शॉप, जिथे पत्र्याचे भाग जोडून गाडीचा सांगाडा करतात. तिथे रोबोंचं राज्य. एका गाडीच्या सांगाड्याला चार-पाच हजारांच्या घरात स्पॉट वेल्ड पडतात आणि ते जवळजवळ सगळे रोबो मारतात. ठिणग्यांकडे सगळे माना वर करून बघत होते, मी खाली बघत होतो. गाडीचं तळ समोरून सरकत चाललं होतं आणि त्याला एक छोटा वाकवलेला ब्रॅकेट डकवलेला दिसला. सायलेन्सर लटकवायचा. त्यात रबर बसतं, रबरात नळीचा हूक, आणि गाडी खड्ड्यात आपटली तरी दणका वर पोचत नाही. तुला आठवतं, मी सुट्टीला गावी आलो की खिशातून एक बिनकामाचा लोखंडी तुकडा काढून दाखवायचो आणि तुम्ही विचारायचात, हे कशाला लागतं? तोच तो, त्याच्याच जातीचा. मी हजारोंनी दाबले असतील. कापलेल्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, निघाली की रिजेक्शन, भोक इकडचं तिकडं झालं की अख्खी लॉट परत. माप तपासायचं गेज लावून लावून बोटं घासली. पण तो जिथे बसतो ती जागा मला कुणी दाखवली नव्हती. आम्ही व्हेंडरची, म्हणजे मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्याची माणसं. माल ट्रकमध्ये चढला की आमचा संबंध संपला. भोकाची जागा इतकी काटेकोर का लागायची ते मला त्या तळाकडे बघताना एका क्षणात समजलं: नळी लांब असते, इथे एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला की शेवटाला ती बंपरला घासणार. ही गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कुणी दाखवली असती तर मी गेज साहेबाच्या धाकानं लावलं नसतं, समजून लावलं असतं. दोन्हीत फार फरक आहे.

पेंट शॉप दाखवलं नाही, तिथे धुळीचा एक कण चालत नाही.

असेंब्लीत मात्र पुष्कळ वेळ मिळाला. रंगवून आलेल्या गाडीची दारं तिथे पहिल्यांदा काढून घेतात, हे मला माहीत नव्हतं. काढलेली दारं वेगळ्या लाइनवर जातात. तिथे त्यांना काच, कुलूप, वायरिंग बसतं, आणि इकडे माणसांना गाडीत शिरून काम करायला जागा मिळते, रंगाला ओरखडाही पडत नाही. शेवटी ज्या गाडीची दारं त्याच गाडीला परत येऊन भेटतात. सीटांचंही तसंच, लाल गाडीची सीट लाल गाडी समोर आली की त्याच वेळी हजर. आणि ते लग्न! कारखान्यातली माणसं त्याला लग्नच म्हणतात: वरून बॉडी येते, खालून इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल असा सगळा संच उचलून येतो आणि दोन्ही एकमेकांत बसतात. बोल्ट किती घट्ट हवा ते यंत्राला ठरवून दिलेलं. तेवढा बसला की हिरवा दिवा, नाही तर गाडी पुढे सरकत नाही. एका पोरानं आमच्यासमोर बोल्ट लावला, दिवा हिरवा झाला, तरी त्यानं बोटानं एकदा चाचपून पाहिलं. त्याच्यावर माझा जीव जडला.

आता मी हे एवढं लांबण का लावतोय ते सांगतो.

पैठणला पैठणीचं विणकाम बघायला माणसं लांबून येतात. मागावर बसलेल्या बाईचे हात बघितले, एक मोर विणायला तिला किती वेळ जातो ते बघितलं, की साडीच्या किमतीबद्दल कुणी घासाघीस करत नाही. तुझ्या शाळेतल्या पोरांना माग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण बिडकीन तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच पोरांना तिथल्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत काय होणार आहे हे विचारलं तर एकच उत्तर येईल, कंपनी येणार. कसली कंपनी, तिथे आपण काय करणार, काय शिकलो तर आत जाऊ, कुणाला ठाऊक नाही. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी करार केला, सुमारे २० हजार कोटींचा. गाड्यांचा मोठा कारखाना आपल्या भागात येतोय. जमिनी ज्यांच्या गेल्या त्यांच्याच घरातली पोरं तुझ्या वर्गात बसतात. त्यांनी कारखाना बाहेरूनच, भिंतीकडूनच बघायचा का?

वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला तेव्हा आपण असेच होतो. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं आत नुसतं बटण दाबायचं असतं. मलाही तसंच वाटायचं. आयटीआय केलं ते मामानं सांगितलं म्हणून; फिटर म्हणजे काय, टर्नर म्हणजे काय, साचे बनवणाऱ्या टूल अँड डाय मेकरला काय किंमत असते, हे फॉर्म भरताना एकालाही माहीत नव्हतं. जो ट्रेड मिळाला तो घेतला. तुझ्या पोरांनी असा आंधळा फॉर्म भरू नये.

आणि टोयोटाच्या बाबतीत तर हे मागणं अजिबात अवाजवी नाही. जपानात पाचवीच्या पोरांना समाजशास्त्रात मोटार उद्योगाचा पाठ असतो आणि शाळा पोरांना रांगेनं कारखान्यात घेऊन जातात. टोयोटा शहरात कंपनीचं स्वतःचं दालन आहे, तिथून कारखाना दाखवतात. जे ते तिथल्या पोरांना दाखवतात ते पैठण तालुक्यातल्या पोरांना का दाखवू नये? कारखाना उभा राहताना आराखड्यातच एक जिना, वरून चालायचा एक मार्ग, काचेआडची एक जागा ठेवली, की खाली काम चालू आणि वर पोरं सुरक्षित. नंतर भिंत फोडून हे करायचं म्हटलं तर कुणी करणार नाही. म्हणून आत्ताच मागायचं. तू मुख्याध्यापक म्हणून अर्ज लिही, शाळा समितीचा ठराव जोड, तालुक्यातल्या बाकीच्या शाळांच्या सह्या घे. मी माझ्यासारखी रिटायर झालेली माणसं गोळा करतो. पोरांना समजावून सांगायला आम्ही फुकट येऊ.

पण तोवर हात बांधून बसायचं नाही. वाळूजला माझ्या ओळखीचा एक टूलरूमवाला आहे, छोटीच शेड आहे, पण डाय बनते, प्रेस चालतो, गेज लागतं. त्याला मी विचारलंय. नववीच्या पोरांच्या दहा-दहाच्या तुकड्या केल्या तर तो हो म्हणाला. मुलीही आण, नक्की आण. म्लादा बोलेस्लावला मी लाइनवर कितीतरी बायका पाहिल्या. वेणी वर बांधायची, ओढणी घरी ठेवायची, हातात बांगडी, गळ्यात दोरा काही नको. तो चष्मे देणार आहे. प्रत्येकाच्या हातात एकेक ब्रॅकेट आणि गेज द्यायचं, आणि चांगला कुठला, वाईट कुठला ते त्यांनाच ओळखायला लावायचं, असं माझ्या मनात आहे. गाडीखाली तो कुठे बसतो ते दाखवायला शेजारच्या गॅरेजवाल्याची जीप रॅम्पवर चढवून घेऊ.

एसटीचं तू बघ. पायात बूट लागतील, चप्पल किंवा सँडल असली तर आत सोडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. कुणाकुणाकडे बूट नाहीत ते मापासकट कळव, ते मी इथून बघतो. परीक्षा कधी संपतात तेही लिही, म्हणजे त्याला तारीख देता येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधाकर