बाबांच्या पायाची पट्टी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबांच्या पायाच्या मधुमेही जखमेचा कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट पाहिला. एमआरएसए हे नाव वाचून घाबरू नका. हा स्टॅफ जंतू नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही, पण पट्टीतली चांदी किंवा आयोडीन त्याच्यावर एकाच वेळी अनेक बाजूंनी मारा करतात. तिथे तो सहसा टिकत नाही.

आई, अँटिबायोटिक पावडर आजपासून बंद कर. त्यातून तगलेले जंतूच फोफावतात, शिवाय पावडरीची खपली धरून खाली पू साठतो.

आयोडीनची कॅडेक्सोमर (स्टार्चच्या बारीक मण्यांची) पट्टी चांगली, पू शोषते आणि तपकिरीची पांढरी झाली की बदलायची वेळ कळते. पण आयोडीन अंगात मुरून थायरॉइडवर परिणाम करू शकतं आणि बाबांना थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणून ही पट्टी नको. मधाची पट्टी जखमेतून पाणी ओढते, बाबांची जखम आधीच ओली आहे. आणि स्वयंपाकघरातला मध तर कधीच लावू नका, तो निर्जंतुक नसतो.

म्हणून डॉक्टरांनी दिलेली चांदीचीच पट्टी, नॅनोक्रिस्टलाइन (चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची), तीन दिवस ठेवायची. ही सलाईनने भिजवायची नाही! सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यातल्या क्लोराइडशी चांदीची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइड होतं आणि चांदीचा जोर कमी होतो. जखम सलाईनने धुतलीस तर नंतर इंजेक्शनच्या (निर्जंतुक, बिनमिठाच्या) पाण्याने खळाळून घे. त्याच पाण्याने पट्टी ओलसर कर, पाणी निथळू दे. जखमेच्याच मापाची काप, नाहीतर आजूबाजूची कातडी पांढरी पडून भिजते. निळी बाजू जखमेवर, वर कोरडं गॉज. कातडी जरा काळपट दिसली तर तो चांदीचा डाग, घाबरू नकोस.

पट्टीच्या आधी मेलेली कातडी डॉक्टरांकडून काढून घ्या. जंतूंचा बुळबुळीत थर एक-दोन दिवसांत परत जमू लागतो, त्यामुळे खरवडल्यावर लगेच पट्टी लागली तरच तिचा उपयोग.

दोन आठवड्यांत फरक नसेल तर चांदी पुढे ओढू नका. मधुमेही पायाच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जंतू मारणाऱ्या अशा पट्ट्या जखम भरावी म्हणून वापरायच्या नसतात. भरण्यासाठी पायावरचा भार कमी व्हावा लागतो. बाबा, देवघरातसुद्धा अनवाणी नको, डॉक्टरांनी दिलेली चप्पलच घाला.

लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटीमीटरपलीकडे गेली, ताप आला किंवा हाड दिसलं, तर पट्टी बदलायच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दर वेळी पट्टी बदलताना जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो पाठव, आई.

तुमची,
ताई