टेबल खिडकीपाशी ठेवलंय

खानापूर,
आषाढ, शुक्रवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नोकरीच्या तिन्ही ऑफरी सांगितल्यास. पुण्याची कंपनी म्हणते कायम घरूनच काम कर, बेंगळूरवाले आठवड्यातून तीन दिवस प्लांटवर बोलावतात, आणि धारवाडच्या कारखान्यात रोज शिफ्टला हजर. फोन ठेवायच्या आत आईने माडीवरची खोली झाडायला घेतली. मी मात्र गप्प राहिलो, ते तुला खटकलं असणार.

तू घरी यावंस असं मलाही वाटतं. तरी पुण्याची ऑफर आत्ता घेऊ नकोस.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात मी २२ वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल बांधून पाठवण्याचं काम बघितलं. एकदा मे महिन्यात परदेशी पाठवलेल्या पेट्या तिकडे उघडल्या, तर आतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल, गंजलेलं. आधी संशय लाकडावर. पण त्यावर शिक्का होता, गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवल्याचा. तो शिक्का किडीसाठी असतो, लाकूड वाळल्याची ती हमी नव्हे, हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक! मग गंजरोधक कागद बदलला, प्लॅस्टिकची पिशवी जाड केली. तरी तक्रार तीच. शेवटी परत आलेला एक नग मी दारात उजेडाला धरला. चार डाग एका ओळीत, पाचवा पलीकडच्या अंगाला. बोटांचे ठसे! मशीनवर घासून गुळगुळीत केलेल्या बाजूला आमची पोरं घामेजल्या हातांनी धरून माल पेटीत ठेवत होती. हातमोजे दिले आणि विषय मिटला. ड्रॉइंगवाले साहेब लांबच्या शहरात बसायचे. माणूस हुशार, ड्रॉइंगमध्ये खोट नव्हती. पण भर दुपारी आमच्या शेडमधले हात त्यांना तिथून कसे दिसणार?

तुझं काम पुठ्ठ्याची खोकी आखायचं. तूच मागे सांगितलंस, खोक्याची ताकद मोजण्याआधी तो २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात. आषाढात खानापुरात ५० टक्के? इथं बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय. ओल धरली की पुठ्ठा मऊ पडतो हे तुला पुस्तकात शिकवलंय. पण गोडाऊनवाल्याने खोका पॅलेटच्या, म्हणजे खालच्या लाकडी फळीच्या, बाहेर चार बोटं लटकत ठेवला, म्हणजे ज्या कोपऱ्यावर सगळा भार तोच अधांतरी, हे कुठल्या व्हिडिओ कॉलवर दिसतं? कॅमेरा धरणारा दाखवेल तेवढंच दिसणार.

घरून काम म्हणजे आळस, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. डायलाइन, म्हणजे खोका कापायचा-दुमडायचा नकाशा, काढणं, स्पेसिफिकेशन लिहिणं, पुरवठादारांचे दर ताडून बघणं घरीच बरं होतं. प्लांटवर दर दहा मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं. मात्र नवा खोका लाइनवर पहिल्यांदा चढतो, डिंक धरत नाही, फ्लॅप उघडतो आणि ऑपरेटर 'अक्का, इल्ली नोडी' (ताई, इकडे बघा) म्हणतो, तेव्हा तू तिथं उभी पाहिजेस. शाळेत कन्नडच्या पेपराला रडायचीस, आता तेच कामाला येईल. (सीमाभागाचं गाऱ्हाणं आपल्या घरात तीन पिढ्या चाललंय, ते वेगळं. मशीनवरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलावं.)

म्हणून माझं मत बेंगळूरकडे. पण ते तीन दिवस कुठले, हे आधी विचार. कॅलेंडरवर मंगळ-बुध-गुरू छापलेलं आणि ट्रायल शनिवारी रात्री, असं असेल तर त्या हायब्रिडला अर्थ नाही. ट्रायलचा आठवडा सलग प्लांटवर आणि ड्रॉइंगचे आठवडे घरून, असं देतात का बघ. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च कोण करणार तेही लेखी घे. त्यात लाजायचं काही नाही. रात्री निघालीस की सकाळी बेळगावात, स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन.

धारवाड जवळ आहे म्हणून आई भरीला घालेल. ते तुझं तू ठरव, सहा दिवस शिफ्ट तुला झेपेल की नाही तुलाच माहीत.

माडीवर टेबल खिडकीपाशी ठेवलंय, प्लगही बसवून घेतला. पावसात लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टरची चौकशी करून आलो. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझे,
आप्पा