तक्रार : दूध नासत होतं आणि तुमचा मापक २.२ अंश सांगत होता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : दूध कूलरच्या तापमान मापकातील सरासरी चुकीची निघणे व त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

मी शिरोळ तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतो. पोट त्याच्यावरच आहे. गेल्या वर्षी २,००० लिटरच्या कूलरला तुमचा तापमान मापक बसवला. दर सेकंदाला एक रीडिंग घ्यायचं, शेवटच्या ६०० रीडिंगांची सरासरी दाखवायची, ती ६ अंशांवर गेली की भोंगा वाजवायचा आणि वीज आल्यावर दोन मिनिटांनी मोबाइलवर मेसेज करायचा, एवढंच त्याचं काम. कोमट दूध ओतलं की आकडा उड्या मारतो, म्हणून सरासरी घेता, ते मला पटतं.

मे महिन्यात वळीव झाला त्या रात्री वीज गेली तेव्हा संध्याकाळचं दूध अजून निवत होतं. नंतर सिंगल फेज यायची, तीन-चार मिनिटं टिकायची, पुन्हा जायची. सिंगल फेजवर कूलरचा कॉम्प्रेसर चालत नाही, तुमचा मापक मात्र चालतो. मला चार मेसेज आले : २.२, २.२, २.३, २.३. दूध निवलं असं समजून मी जनरेटर लावला नाही. दोन अंशांच्या दुधासाठी डिझेल कोण जाळतो? पहाटे टँकरवाल्याने परीक्षानळीत दूध उकळलं आणि ते नळीतच फाटलं. १,१०० लिटर परत.

सकाळी ते मेसेज पुन्हा वाचताना खटकलं. वीज दर वेळी वेगळ्या वेळी आलेली, मग आकडा जवळपास तोच कसा? मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, वही काढली. दोन मिनिटांत १२० रीडिंग होतात. यंत्र सुरू होताना मेमरीतल्या ६०० खणांत शून्य भरलेलं असणार आणि तुम्ही बेरजेला १२० ने न भागता ६०० ने भागत असणार. म्हणजे खऱ्या तापमानाचा पाचवा हिस्सा. २.२ पंचे ११. दूध ११ अंशांवर होतं! भोंगा वाजायला साडेपाच मिनिटं सलग वीज लागली असती, तेवढी ती टिकलीच नाही.

यावर तुमच्या विभागाचं उत्तर आलं की चिपची मेमरी अपुरी असल्याने असं होतं. झाकण उघडून पाहिलं, आत अ‍ॅटमेगा ३२८पी आहे. तिची रॅम २,०४८ बाइट. ६०० रीडिंग दोन-दोन बाइटांनी १,२०० होतात. जागा तंग आहे हे मान्य, पण किती रीडिंग आली हे मोजणारा एक आकडा ठेवायला दोन बाइट पुरतात.

मग तुम्ही नवं सॉफ्टवेअर घालून दिलंत. यात जुनी रीडिंग साठवायचीच नाहीत. आलेलं रीडिंग आणि चालू सरासरी यांतला फरक घ्यायचा, त्याचा ठरावीक हिस्सा सरासरीत मिळवायचा, की झालं. पद्धत चांगली आहे, एकच आकडा साठवून काम होतं. रॉबर्ट्स नावाच्या संशोधकाने १९५९ साली कारखान्यातल्या गुणवत्ता तक्त्यांसाठी ती मांडली, तेव्हा तुमचा शोध म्हणून सांगू नका.

पण आता दूध निवताना आकडा उतरत येतो आणि १०.३ वर अडतो. टाकीत काचेचा थर्मामीटर बुडवला तर दूध ४ वर. भोंगा रात्रभर. शेजारच्या म्हातारीने दुसऱ्या दिवशी मला गाठून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तीन दिवस ताडून पाहिलं, फरक तोच : ६.३. तुम्ही तापमान दशांशात, पूर्णांक म्हणून ठेवता, म्हणजे ४ अंश म्हणजे ४०, आणि फरकाला ६४ ने भागता, असा माझा हिशोब आहे. फरक ६३ असला की पूर्णांकी भागाकार, म्हणजे अपूर्णांक सोडून दिलेला, शून्य. मिळवायचं काय, शून्य! सरासरी तिथेच बसून राहते. टेबलावर गरम पाण्यात सेन्सर बुडवला, आकडा हलला, म्हणून पास केलंत काय?

उपाय मीच सांगतो. सरासरीऐवजी तिची ६४ पट साठवा. दर वेळी त्यातून तिचा ६४ वा हिस्सा वजा करा, नवं रीडिंग मिळवा आणि दाखवताना ६४ ने भागा. दोन बाइटांत बसतं. सुरुवात शून्यापासून नको, पहिल्या रीडिंगच्या ६४ पटीपासून करा. आणि मेसेजमध्ये सरासरीशेजारी त्या क्षणाचं रीडिंगही द्या; त्या रात्री ते असतं तर मी जनरेटर लावला असता.

१,१०० लिटर दूध, ३४ रुपये दराने ३७,४०० रुपये मला भरून द्यावेत. पंधरा दिवसांत दुरुस्त सॉफ्टवेअर आणि रक्कम न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून हात झटकू नयेत, स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरला आहे. चारही मेसेज, टँकरची नापास पावती आणि वहीतला हिशोब सोबत जोडला आहे.

हाच मापक ज्यांच्या ज्यांच्या कूलरला आहे त्यांना आजच कळवा. पावसाळा तोंडावर आहे, वीज जाणार.

आपला,
दूध संकलन केंद्रचालक,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर