आप्पांची काठी माशिकोत दिसली

निशिकासाई, टोकियो
मे महिना, दुसरा आठवडा

प्रिय दत्ता,

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच चिडला असतास, मग मी चिडलो असतो, आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. पत्रावर चिडलास तरी शेवटपर्यंत वाचशील, एवढी मला खात्री आहे.

तब्येत बरी. साखर गोळ्यांवर आहे. वसू मजेत.

मनू म्हणते, तिला कुंभार व्हायचंय.

शनिवार-रविवारची हौस नव्हे. इंजिनिअरिंगचं हे वर्ष आणि पुढचं संपवायचं आणि माशिको या कुंभारांच्या गावी जाऊन एखाद्या भट्टीवर उमेदवारी करायची, असं ठरवून बसली आहे. ठेवलंस ना पत्र खाली? उचल. अजून पुष्कळ सांगायचंय, आणि तुझ्याशिवाय सांगायला माणूस नाही. इथल्या मराठी मंडळात बोललो तर निम्मे लोक "वा, किती क्रिएटिव्ह" म्हणतील आणि निम्मे व्हिसाचं विचारतील. तुझ्या आप्पांचं नाव घेतल्यावर गप्प होईल असा तू एकच.

तर झालं असं. एप्रिल संपता संपता इथे सुट्ट्यांचा आठवडा लागतो, गोल्डन वीक म्हणतात. त्यात माशिकोला मातीच्या भांड्यांची जत्रा भरते. वसंतात एकदा आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा, 1966 पासून चालू आहे. मनू म्हणाली, बाबा, चला, एका दिवसात जाऊन येऊ. आकिहाबाराहून थेट बस आहे, आधी कासामा, मग माशिको, एरवी अडीच तासांची वाट. सुट्टीच्या गर्दीत बस हायवेवर रांगत होती आणि पोरगी शेजारी बसून मला इतिहास शिकवत होती. कासामात शिकलेल्या ओत्सुका केइझाबुरो नावाच्या माणसाने 1853 साली माशिकोत पहिली भट्टी लावली, तिथून हे सगळं सुरू झालं. टोकियोच्या स्वयंपाकघरांना लागणारे पाण्याचे रांजण, आतून खाचा पाडलेले वाटण घोटायचे वाडगे, चहाच्या किटल्या इथून जायच्या. पुढे धातूची भांडी आली, गॅस आला, आणि मातीची मागणी आटली. तुला यातलं काही नवीन नाही. तुमच्या कुंभारगल्लीत हेच झालं, फक्त आधी स्टीलचे हंडे आले आणि मागून फ्रिज.

मी तुला आणून दिलेलं ते तपकिरी, झाकणाचं छोटं भांडं आठवतंय? वहिनी ज्यात मीठ ठेवतात? योकोकावा स्टेशनवर 1958 पासून त्यात भात विकतात. लोक भात खातात आणि भांडं घरी नेतात. ते माशिकोचं. म्हणजे तुझ्या घरात ते गाव माझ्याही आधी पोचलेलं आहे.

कासामा मागे पडलं की भातखाचरं लागतात. तिकडे मेच्या सुरुवातीला लावणी असते, खाचरं पाण्याने भरलेली, जुलैत आपल्या राधानगरीच्या रस्त्याला दिसतात तशी. मी बाहेर बघत बसलो आणि आप्पा आठवायला लागले. का ते कळलं नाही. जत्रा अजून दिसलीही नव्हती.

जत्रा मात्र बघण्यासारखी. जोनाइझाका नावाचा चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेत तंबू, पाचशेहून जास्त. आत येताना तिकीट नाही, काही नाही. ज्याने भांडं केलं तोच विकायला बसलेला. नावाजलेल्या तरुण कलाकारांच्या तंबूंपुढे सकाळपासून रांगा. लोक पाठीला सॅक लावून आलेले, काहींनी तर ढकलगाडीच आणलेली. एका चौकात भला मोठा तानुकी उभा आहे, चिनीमातीचा ढेरपोट्या प्राणी. पोट बघून मला आपले पी.टी.चे सर आठवले, तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय, ग्रुपवर टाकू नकोस, सरांची मुलगी आहे त्यात.

माशिकोची माती जाडीभरडी, लोखंड असलेली. पातळ, नाजूक भांडं तिच्यात सहजी होत नाही. भांडी जाड, हातात भरतील अशी. पर्सिमनच्या फळासारखा तांबूस-तपकिरी झिलईचा रंग इथला खास. गावाजवळच्या आशिनुमा दगडाची पूड करून ती झिलई होते. भाताच्या तुसाची राख घालून पांढरी करतात. राख, दगड, माती, पाणी, सगळं पायाखालचं. आप्पा लीद घालून माती मळायचे तेव्हा आपण नाक धरून पळायचो, आणि ते म्हणायचे, "ह्या वासाशिवाय मडकं गार ठेवत न्हाई."

चढाच्या वरच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आप्पांच्याच वयाचे, म्हणजे आप्पा शेवटी होते त्या वयाचे. मनूने एक वाडगा उचलला, तळ बघितला, आणि नखाने टिचकी मारली. मग दुसरा. मग तिसऱ्याला टिचकी मारून थांबली आणि म्हणाली, हा बोलत नाहीये. म्हाताऱ्यांनी तो हातात घेतला, उन्हात फिरवला, तर काठाजवळ केसासारखी चीर. ते मोठ्याने हसले आणि वाडगा बाजूला ठेवून दिला. पोरीशी मग अर्धा तास बोलत होते. मला त्यातलं निम्मंच कळलं, पण एवढं कळलं की मुलगा उत्सुनोमियाला कारखान्यात नोकरीला आहे आणि चाकावर बसत नाही. ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. आज वारा आहे म्हणावं तसं सांगत होते.

आपला बारावीचा निकाल लागला तेव्हा आप्पांनी थापटणं घेऊन आपल्या दोघांच्या डोक्यावर हळूच मारलं होतं, गोरोबाकाकांसारखं. तुझ्या डोक्यावर मारून म्हणाले, "कच्चं हाय अजून." माझ्या डोक्यावर मारून नुसते हसले. त्यावरून तू मला आठवडाभर पिडलंस, हसले म्हणजे काय, हसले म्हणजे काय. म्हाताऱ्यांच्या त्या हसण्याने मला ते सगळं तिथे भर गर्दीत आठवलं.

दुपारी मनूने मला हमादा शोजींच्या घरी नेलं. आता तिथे संग्रहालय आहे. हे हमादा म्हणजे कुंभारांमधलं मोठं नाव. 1894 चा जन्म, टोकियोच्या तंत्रशाळेत मातीकामाचं शास्त्र शिकलेले, बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर इंग्लंडमध्ये भट्टी लावून 1924 ला परत आले ते माशिकोत. जगभर नाव झालं, 1955 ला सरकारने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. उतारावर एकामागे एक कोठड्यांची त्यांची मोठी भट्टी आहे, 2011 च्या भूकंपात मोडली होती, ती पुन्हा उभी केली.

आणि तिथे त्यांचं चाक आहे, दत्ता. हाताने फिरवायचं. वर खाच, आणि त्या खाचेत घालून फिरवायची काठी.

तीच काठी. आप्पांची. मी मनूला म्हणालो, ही मी लहानपणी हातात धरली आहे, दत्ताकाकाच्या घरी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिथेच उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, मला हेच करायचंय. कधी सांगू ते कळत नव्हतं."

आता ते भांडण. तुला आठवतंय, उगाच नाही म्हणू नकोस. पंचगंगेच्या घाटावर, तुझ्या नोकरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी. आप्पांनी चाक उचलून भिंतीला उभं केलं होतं. मी म्हणालो, नोकरी कर, पण आप्पांच्या हातातलं शिकून तरी घे, तुझ्याबरोबर संपेल ते. तू म्हणालास, "तुझ्या घरातलं पाठव की एक पोरगं. चाक रिकामंच हाय." दिवाळीपर्यंत बोलला नाहीस. मला आजही वाटतं की मी बोललो त्यात तथ्य होतं. तुझ्या उत्तरातही होतं, आणि ते उत्तर इतकी वर्षं मी सांभाळून ठेवलं होतं हे मला त्या चाकापुढे कळलं. पोरगं नाही, पोरगी निघाली.

मला झोप नाही. पैशाचं बघू, व्हिसाचंही बघू. तोचिगी प्रांताचं मातीकाम शिकवणारं सरकारी केंद्र माशिकोतच आहे, म्हणजे रस्ता अगदीच अंधारा नाही. माझी काळजी वेगळी आहे. आप्पा म्हणायचे, "मातीनं माझी कंबर घितली, तुझं डोकं तरी ऱ्हाऊ दे." ते तुला चाकाला हात लावू देत नसत. बेंदराचे बैल रंगवायला मात्र आपल्याला दोघांनाही बसवत. ज्या कामातून बाहेर पडायला तुमच्या घराला दोन पिढ्या लागल्या, त्यात माझी मुलगी आपल्या खुशीने, बापाच्या पगाराच्या भरवशावर शिरणार. हे बरोबर आहे का? तिच्या पाठीशी मी आहे. आप्पांच्या पाठीशी कोण होतं? त्यांना कुंभार व्हायचं का, असं कुणी कधी विचारलं होतं?

हमादा भांड्यावर सही करत नसत. त्यावर केवढं लिहिलं गेलंय, केवढ्या आदराने. वाचताना माझा घसा दाटला. आप्पांच्या एकाही मडक्यावर सही नव्हती, आणि त्याबद्दल कुणी ओळ लिहिली नाही. अख्ख्या शाहूपुरीने त्यांच्या माठातलं पाणी प्यायलं. संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट, नागपंचमीचे नाग, सगळं त्यांच्या हातचं. मला राग कुणाचा येतो ते नीट सांगता येत नाही, पण येतो.

मनूशी वाद घालून बघितला. तिच्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत. इंजिनिअरिंग वाया जाईल म्हटलं तर म्हणते, शिमाओका तात्सुझोही तंत्रविद्यापीठातच शिकले, युद्धात ब्रह्मदेशात गेले, परत येऊन हमादांकडे उमेदवारीला बसले. त्यांचे वडील दोऱ्या विणणारे कारागीर. यांनी ओल्या मातीवर दोरीचे ठसे उमटवून त्यात पांढरी माती भरली, आणि त्याच कामासाठी 1996 ला त्यांनाही तो राष्ट्रीय मान मिळाला. "बापाची दोरी मुलाच्या भांड्यात आली, बाबा." बाईमाणसाला जमेल का, असं तिच्या आजीने फोनवर विचारलं, तर तिला मिनागावा मासूंची गोष्ट सांगितली. लहान वयापासून किटल्यांवर डोंगर-पाण्याची चित्रं काढणारी, अक्षरओळख नसलेली बाई, दिवसाला शेकड्यांनी किटल्या रंगवायची. आजी म्हणाली, मग तिला मजुरी किती मिळायची? मनू पहिल्यांदा गप्प झाली. आईने बरोबर जागी बोट ठेवलं.

हमादांची आणखी एक गोष्ट सांगतात. पळीने झिलई ओतून पंधरा सेकंदांत ते भल्या मोठ्या थाळीवर नक्षी करत. कुणीतरी विचारलं, एवढ्या झटपट? ते म्हणाले, पंधरा सेकंद आणि त्यामागची साठ वर्षं. मनू ही गोष्ट सांगते तेव्हा तिचे डोळे चमकतात. मला मात्र ती साठ वर्षं दिसतात, वाकलेली.

वसू काही बोलत नाही. तिचं न बोलणं तुला माहीत आहे.

आणि हे फक्त तुला सांगतो: मला अभिमानही वाटतोय. पोरीने टिचकी मारून चीर ओळखली तेव्हा मला वाटलं, आप्पा असते तर तिला दाखवलं असतं. मग लगेच वाटतं, आप्पांनी तिलाही हाकललं असतं. यातलं खरं काय, हे तूच सांगू शकतोस. त्यांना चाकावर बसलं की बरं वाटायचं का रे? मी बघायचो तेव्हा तर ते गात असायचे.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन करणार असाल तर पावसाळ्याआधी उरका. धाकट्याचा निकाल लागला का? रंकाळ्याजवळचा फ्लॅट घेऊ नकोस, पाणी कुठवर येतं ते 2019 ला बघितलंस ना.

आता काम. ऑगस्टमध्ये मनूला सुट्टी आहे, तेव्हा तुमच्या गल्लीत गणपतीचा हंगाम ऐन भरात असतो. तिला मी कोल्हापूरला पाठवतो. तुझ्या चुलतभावाकडे तीन आठवडे कामाला लाव. पाहुणी म्हणून नको. माती तुडवू दे, पोती उचलू दे, रात्री दोनपर्यंत जागू दे, गिऱ्हाईक भावावरून कसं बोलतं ते ऐकू दे. आणि एक दिवस तिला समोर बसवून आप्पांनी चाक भिंतीला का लावलं ते तू सांग. सगळं सांग, मला सांगितलं नाहीस तेही. त्यानंतरही ती हो म्हणाली तर मी आड येणार नाही.

तिकीट जूनमध्ये काढावं लागेल, त्याआधी तुझं उत्तर हवं. रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करतो.

तुझा,
श्री

ता. क. चुलतभावाने तिला मजुरी दिली तर घेऊ दे, रोजची लिहून ठेवायला मात्र सांग, आजीला आकडा कळवायचाय. जेवायला तुझ्याकडेच येईल. वहिनींना म्हणावं तिखट जरा बेतानं, पोरगी इथे वाढलीय.