छत गळतंय, काचा मात्र चकाचक

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आपण आमच्या संशोधन केंद्रात आलात, गळक्या छताकडे पाहिलंत आणि 'पावसाळ्याआधी काम होईल' असा शब्द दिलात. छत तसंच राहिलं. दर्शनी भागाला मात्र निळ्या काचा आणि एसीपीच्या (अॅल्युमिनियमच्या) शीट लागल्या, फाटकाशी सेल्फी पॉइंट झाला. अभिनंदन!

परवा रात्री ताडपत्री घातलेली असूनही माझ्या स्पेक्ट्रोमीटरच्या पॉवर सप्लायमध्ये पाणी गेलं. आता कोटेशनं, मग सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, मग हरकती. तोवर माझी फेलोशिप संपेल. कागदावर महिना ३७,००० रुपये. खात्यात कधी पडतील ते आपलं खातंच जाणे. 'पुढच्या आठवड्यात देतो' हे वाक्य आता माझ्याआधी घरमालकच म्हणतो.

निधी नाही म्हणता? एकदा पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जाऊन या. आराखडा वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांचा, संस्था उभी केली नारळीकर सरांनी. भिंतीत खाली आपला काळा बेसाल्ट, वर कडप्पा, त्यावर घोटीव ग्रॅनाइट. त्यात ढग सरकताना दिसतात. मधल्या कुंडाशी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. तिथे बसलं की माणूस आपोआप शेजारच्याशी वाद घालायला लागतो, आणि निम्मं संशोधन तिथेच होतं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत होमी भाभांनी समुद्राकडची हिरवळ राखली, भिंतीवर हुसेनचं चित्र लावलं. इमारतीचं उद्घाटन १९६२ सालचं. तेव्हा देश काय श्रीमंत होता?

आमच्याकडेही एक दगडी व्हरांडा होता. चहाचे ग्लास बाजूला ठेवून फरशीवर खडूनं आलेख काढायचो, येणाराजाणारा चूक दाखवायचा. तिथे आता पार्टिशन टाकून 'समन्वय कक्ष' झालाय. एसीसकट. कुणाचा कुणाशी समन्वय, देव जाणे.

संशोधनावर आपण जीडीपीच्या ०.६ का ०.७ टक्के खर्च करतो, चीन म्हणे अडीचच्या पुढे. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण जे मिळतं तेही काचेवरच का जातं? शाळा घ्या, एसटी स्टँड घ्या, सरकारी दवाखाना घ्या. टेंडर निघतं ते दर्शनी भागाचं, कारण फीत तिथे कापता येते. गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगची फीत कापायला शिडी चढून कोण जाणार?

छत दुरुस्त करा, थकलेली फेलोशिप द्या आणि जमलंच तर व्हरांडा मोकळा करा.

पुन्हा पाहणीला येणार असाल तर आधी कळवू नका. कळवलंत की आमच्याकडे फक्त काचा पुसल्या जातात.

आपला,
एक संशोधक विद्यार्थी