हजान अंकल, थँक्यू म्हटलं की विषय बदलता ना, मग हे घ्या

शालोम अंकल,

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून दुसरंच काहीतरी काढता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे टाळता येणार नाही. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, चष्मा सापडत नाही हे कारण चालणार नाही.

जे आपल्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, पुढे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं गावावरून, पेणकर, किहीमकर, रोहेकर. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ज्यू म्हणून नोंद झालेले 2,466. आमच्या एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहत असतील! बाकीचे बहुतेक इस्राईलला. आणि आमच्याकडे गावोगावी रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, वगैरे कधी नव्हतेच, प्रार्थना चालवतो तो हजान, लग्न लावणार तो, सुंता झाली की बाळाला आशीर्वाद देणार तो, मयतीला पण तोच. तुम्ही सरकारी नोकरी करून हे सगळं केलंत, पगार कशाचा मिळाला तर नोकरीचा.

आता मुद्द्यावर येते. चिरंजीव तेराचे होत आले तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर जो गोंधळ झाला तो तुम्ही पाहिलाच आहे (सुदैवाने सगळे मेसेज पाहिले नसतील). बार मित्सवा, म्हणजे मुलगा तेराचा झाला की पहिल्यांदा तोरा (आपला धर्मग्रंथ) वाचतो तो विधी, गावच्या सिनेगॉगमध्येच करायचा यावर सगळ्यांचं एकमत, पण शनिवारी केला तर ठाण्या-पुण्याहून गाडीने येणार कसे, शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत, गाडी चालवायची नाही, फोटो नाही, माइक नाही, आणि माझा भाऊ तिकडे इस्राईलमध्ये अश्दोदला बसलेला, त्याला व्हिडिओ कॉलवर भाच्याचं वाचन बघायचंय. मग एक पार्टी म्हणणार की अहो काळ बदलला, एक दिवस मोबाईल चालू राहिला तर काय आभाळ कोसळणारे, आणि दुसरी पार्टी म्हणणार की असं करायचं असेल तर करूच नका, हॉल घ्या आणि केक कापा. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

तुम्ही कोणाचीच बाजू घेतली नाहीत. शांतपणे विचारलंत, "सेफेर काय फक्त शनिवारीच उघडतात का?" सेफेर म्हणजे तोराची गुंडाळी. आणि मग सांगितलंत की तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळी पण वाचतात, पहिल्यापासूनचाच रिवाज आहे, फक्त त्याला लागणारे दहा पुरुष आपल्याकडे कामाच्या दिवशी जमत नाहीत म्हणून लोकांच्या लक्षातून गेलं. त्या दिवशी गाडीही चालते, फोनही चालतो, कॅमेराही चालतो, आणि वर तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामड्याच्या डब्या, त्या पण बांधता येतात, ज्या शब्बाथला बांधतच नाहीत. मग कॅलेंडर काढलंत तर 2026 ची 26 जानेवारी नेमकी सोमवारी! कोणाला सुट्टी मागायला नको, काही नको. आम्ही सगळे शिकले-सवरलेले, नियम वाकवायचा की नियमाला धरून बसायचं यावर तीन महिने भांडत होतो, आणि नियमातच वाट होती ती कोणी बघितलीच नव्हती, कारण नियम काय आहे हे नीट माहीत असलेला माणूस आमच्यात एकच. तुम्हीच. माझे आभार खरं तर एवढ्यासाठीच आहेत, बाकीचं त्याच्या अनुषंगाने.

शिकवणीचं मात्र लिहायलाच हवं. बाहेरच्यांना वाटतं हिब्रू अक्षरं आली की झालं. सेफेर तोरा हाताने चर्मपत्रावर लिहिलेली असते, त्यात नुसती व्यंजनं, खाली-वर नुक्ते नाहीत आणि कुठला शब्द कुठल्या चालीत म्हणायचा त्याच्या खुणाही नाहीत. छापील पुस्तकात बघून पाठ करायचं आणि तेब्यावर, म्हणजे वाचायच्या ओट्यावर, उभं राहिलं की उघड्या अक्षरांवरून म्हणायचं, आणि चुकलं तर हजान तिथेच थांबवून दुरुस्त करणार, सगळ्यांसमोर. चाल तर कागदावर येतच नाही, ती कानातूनच येते. आणि आम्ही ठाण्यात, तुम्ही गावाला. तेव्हा तुम्ही व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवायला लागलात, एका ओळीची एक, आधी हळू, मग नेहमीच्या वेगात, मागे कावळे, कुकरची शिट्टी, एकदा तर मासळीवालीशी झालेला पूर्ण संवाद (भाव जास्तच लावला होता तिने, तुमचं बरोबर होतं). शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आत शेवटची नोट यायची आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काही नाही. पोरगं एकदा शनिवारी दुपारी विचारत होतं की अंकल ऑनलाइन का नाहीत, त्याला समजावून सांगावं लागलं नाही, पुढच्या आठवड्यात त्यानेच फोन शुक्रवारी ड्रॉवरमध्ये टाकला. एक दिवसच, फार कौतुक नको, पण टाकला.

हिब्रू वाचताना अडायला लागला तेव्हा मी देवनागरीत लिहून दिलं आणि मला वाटलं तुम्ही रागावणार. तुम्ही म्हणालात लिहू दे, आपल्या आजोबांच्या पिढीने तरी दुसरं काय केलं. आणि मग हग्गादाची, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकाची, गोष्ट सांगितलीत, 1874 ला पुण्यात मराठी अर्थासकट छापलेली, चित्रात नऊवारीतल्या अंबाडा घातलेल्या बायका बसून मात्सा (बिनखमिराची भाकरी) करतायत. तेव्हाचं नवं तंत्रज्ञान म्हणजे शिळाप्रेस, ते आपल्या लोकांनी वापरलं, तुझ्या हातात मोबाईल आहे तू तो वापर, असं तुमचं म्हणणं. कोचीचे शिक्षक येऊन आपल्याला प्रार्थना शिकवून गेले हेही तेव्हाच कळलं. मुंबईतलं आपलं पहिलं सिनेगॉग 1796 चं, म्हणजे ज्याला आपण फार फार जुनं म्हणून हात लावायला घाबरतो त्यातलं बरंचसं कोणीतरी कधीतरी वर्गात बसून शिकलेलं आहे. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण असं जोडून कोणी दाखवलं नव्हतं. अठराशे ऐंशीच्या सुमारास आपल्या लोकांनी हरदासांची कीर्तनं ऐकून मोशे आणि योसेफवर मराठीत कीर्तनं रचली, तेव्हाही कोणीतरी नाक मुरडलंच असेल ना?

सोमवारी फक्त पाराशाचा, म्हणजे त्या आठवड्याच्या तोरावाचनाच्या भागाचा, पहिला तुकडा वाचतात. बशल्लाह पाराशा, पारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, आपल्या लोकांना सोडलं आणि देवाने त्यांना जवळच्या रस्त्याने न नेता लांबच्या रस्त्याने रानातून नेलं तो भाग. पोराची कुरकुर सुरू, समुद्र दुभंगतो ते मस्त मस्त पुढे आहे आणि मला नुसतं रस्त्याचं वर्णन आलं. तुम्ही त्याला मधली एक ओळ दाखवलीत, मोशेने निघताना योसेफची हाडं बरोबर घेतली. सगळे कणकेच्या पराती आणि सोनं-चांदी घेऊन धावतायत आणि हा कित्येक पिढ्यांपूर्वी दिलेला शब्द पाळत हाडांची पेटी शोधतोय. पोरगं पटकन म्हणालं, म्हणजे लगेज वाढलं! तुम्ही एवढे हसलात की व्हॉइस नोट तशीच आली, ती मी सेव्ह करून ठेवलीय. मग त्याने त्याचं भाषण त्यावरच केलं, मराठीत, मध्ये मध्ये इंग्लिश, लगेजचा जोक जसाच्या तसा. लोकांना वाटलं मी लिहून दिलं. नाही हो, मी लिहिलेलं त्याने बाजूला ठेवलं.

तो दिवस तर काय सांगू, शेजारच्या शाळेत झेंडावंदन, लाऊडस्पीकरवर "ऐ मेरे वतन के लोगो", आणि आत हेखाल, म्हणजे सेफेर ठेवायचं कपाट, उघडून सेफेर बाहेर काढतायत, त्याच्या दांड्यांवरच्या चांदीच्या रिम्मोनच्या घंट्या किणकिणतायत, बायका वर गॅलरीत ओणवून फोनने शूट करतायत आणि त्यात कोणाच्याच मनात चोरी नाही, कारण सोमवार! अश्दोदवाला मामा पहाटेच उठून स्क्रीनवर बसलेला, तिकडे अजून अंधार. त्याची मुलं हिब्रू अशी फाडफाड बोलतात की मला धड कळत नाही, पण आपली चाल त्यांना येत नाही, आणि माझ्या पोराला चाल आली पण अर्थ विचारून घ्यावा लागतो. दोन्हीकडे अर्धं अर्धं गेलंय. म्हणून तुमच्या नोट्स मी आता त्या मुलांना पण पाठवतेय, चालेल ना? नाही म्हणालात तरी पाठवून झाल्यात.

एका गोष्टीवर आपलं जमलेलं नाही आणि आभाराच्या पत्रात पण मी ते सोडणार नाही. माझी मुलगी त्याच व्हॉइस नोट ऐकून भावाच्या आधी सगळं पाठ करून बसली. तुम्ही तिला मनापासून शिकवलंत, तिच्या चुका काढल्यात, तिला स्लिहोतच्या, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थनांच्या, चाली पण दिल्यात, ज्या भावाला दिल्या नाहीत कारण तो कंटाळा करतो. पण तेब्यावर मुलीने वाचायचं नाही, आणि मिन्यानच्या, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या, दहात तिला मोजायचं नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "मी असेपर्यंत इथे मी बदलणार नाही, पण शिकायला मनाई कधीच नव्हती." मला हे पटत नाही अंकल. डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली, तिथे बायका-पुरुष एकत्र बसतात, याला शंभर वर्षं झाली, म्हणजे तेही आता आपलंच जुनं झालं की. आणि साधा हिशोब आहे, गावात आपली घरं उरली दोन-तीन, दहा पुरुष जमवायला तुम्ही आदल्या रात्री किती फोन करता ते मी बघितलंय, आणि गॅलरीत सगळं पाठ असलेल्या चार बायका बसलेल्या असतात. पण तुम्ही मला उडवून लावलं नाहीत. म्हणालात, तुमची पिढी ठरवेल तेव्हा ठरवताना माहीत असून ठरवा, माहीत नाही म्हणून सोपं वाटलं ते करू नका. मी यावर अजून विचार करतेय. पटलं तर सांगेन.

आणि बाबांच्या वर्षाला दहावा माणूस मिळेना तेव्हा तुम्ही पनवेलपासून कोणाकोणाला उठवून आणलंत आणि कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, झालं, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

तू बिश्वातचा, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाचा, मलिदा पण मस्त झाला. बार मित्सवानंतरच्या रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, पाच फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, गाणं म्हणताना वरच्या मजल्यावरच्या जोशी-पाटील मंडळी पण येऊन बसली, प्रसाद आहे म्हटल्यावर कोण नाही येणार. तुम्ही अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या जागी जाऊन आलात असं कळलं. त्या चढावर एकटे जाऊ नका प्लीज, पुढच्या वर्षी पोरगा बरोबर येईल, तो तयार आहे.

आता कामाचं. पावसाळ्याच्या आधी सिनेगॉगची कौलं चाळायची आहेत, आम्ही ठाण्यातल्या घरांनी वर्गणी काढलीय, सुतारालाही सांगून ठेवलंय, तुम्ही फक्त त्याला पुढच्या दाराची चावी द्या आणि हेखालच्या वरच्या बाजूला जिथे ओल येते तिथे आधी बघायला सांगा. एलुल महिना लागायच्या आत स्लिहोत पूर्ण रेकॉर्ड करून घ्यायच्यात. आवाज बसलाय म्हणू नका, मुलगी चांगला माइक घेऊन येतेय आणि ज्येष्ठमध माझ्याकडून. शनिवार सोडून कुठलाही दिवस सांगा.

तुमची,
ठाण्याची भाची